डाव्या पात्यावरची खाच

हॅडलॉक पॉइंट, मेन
९ मार्च २०१८

प्रिय लोव्ही,

अक्षर ओळखलंस ना? आईला पुरून अकरा वर्षं झाली, तेवढ्या काळात मी तुला एक ओळ लिहिली नाही. आता लिहितोय म्हणजे काहीतरी काम असणार, असं तू पाकीट फोडायच्या आधीच म्हणाली असशील. काम आहे. उगाच आढेवेढे घेत नाही.

आपल्या खाडीतली शेवंडं गेली. कमी झाली असं नाही, गेलीच. मागच्या हंगामात मी आणि माझ्या पोराने, मेरिटने, आठशे सापळे टाकले. वर काय आलं, तर हिरव्या कुर्ल्या आणि काळे बास मासे. हे बास बाबांनी जन्मात बघितले नव्हते, आता आमच्या आमिषावर धष्टपुष्ट झालेत. पाणी तापलंय. ऑगस्टमध्ये मी होडीवरून हात बुडवला तर अंघोळीच्या पाण्यासारखं लागलं. धक्क्यावर तेवीस होड्या होत्या, सात उरल्यात.

शास्त्रज्ञ म्हणतात पाणी तापलं हे खरं, पण तुम्हीही गाभोळीच्या माद्या राखल्या नाहीत. मी भर सभेत उभा राहिलो. म्हटलं, टूथेकरांच्या घरात साठ वर्षांत गाभोळीची एक मादी विकली गेलेली नाही. प्रत्येकीच्या शेपटीला खाच पाडून परत पाण्यात सोडली. शेवंडं मेलेली नाहीत, थंड पाणी शोधत पूर्वेला चालत गेलीत. सरकारच्या लॉब्स्टर समितीवरची बाई म्हणाली, मग पुरावा आणा.

म्हणून तुझी आठवण झाली. तू अगदी पूर्वेच्या टोकाला, कॅनडाच्या उंबऱ्यावर. आणि आपली खाच शेपटीच्या डाव्या पात्यावर. बाबा डावखुरे, त्यामुळे सगळा किनारा उजव्या पात्यावर खाच पाडत असताना आपण डाव्या. दुसरं कुणी असं करत नाही. डाव्या खाचेची मादी तुझ्या सापळ्यात आली असेल तर ती माझ्याच हातची. तेवढं एका कागदावर लिहून खाली सही कर. समितीला पटलं तर आमच्याकडचे काही परवाने तुमच्या बाजूला हलवू देतील. नाहीतर रांगेत नाव लावायचं, आणि रांग वीस वर्षांची आहे.

मला माझ्यासाठी काही नको, मी पासष्टचा झालो. मेरिट छत्तीसचा आहे. त्याला दुसरं काही येत नाही आणि दुसरं काही करायचं नाही. पुरावा नसेल तर होड्या कमी करायच्या म्हणून सरकार आमची होडी विकत घेऊन करवतीने कापणार. कुठली होडी ते तुला माहीत आहे. तिच्यावर तुझंच नाव आहे.

तुझा,
विन्स्लो

*

टर्नी कोव्ह
२ एप्रिल २०१८

विन्स्लो,

अकरा वर्षं मोजलीस, बरं वाटलं. मला वाटलं होतं मोजणारी मी एकटीच.

‘लोविना टी.’ अजून तरंगते म्हणायची. बाबांनी ती बांधली तेव्हा माझं लग्न होऊन पाच वर्षं झाली होती. लोक बायकोचं नाव देतात, त्यांनी लेकीचं दिलं, आणि होडी दिली तुला. चाळीस वर्षं तू माझ्या नावावर उभा राहून मासेमारी केलीस. गावातले चिडवायचे का रे? ‘निघाला विनी बहिणीवर बसून,’ असं? मी असते तर नक्की चिडवलं असतं.

डाव्या खाचेचं म्हणशील तर मी काही बघितलेलं नाही. डोळे अधू झालेत असंही नाही. सापळा वर आला की माझा हात आधी शेपटीवर जातो, नऊ वर्षांची होते तेव्हापासूनची सवय आहे. उजव्या खाचा दिसतात त्या आमच्याच. डावी नाही.

मेरिटला सांग, सुतारकाम शिकून घे म्हणावं. उन्हाळ्याला येणाऱ्या पाहुण्यांना खिडक्या फार लागतात.

लोविना

*

हॅडलॉक पॉइंट
१४ एप्रिल २०१८

प्रिय लोव्ही,

चिडवायचे. अजून चिडवतात. तुला बरं वाटावं म्हणून सांगतो.

पुन्हा एकदा नीट बघ. तुझ्या नसतील तर शेजारच्या होड्यांच्या क्रेटांत बघ. मी खोटी सही मागत नाही, खरी मागतोय. चार वर्षांपूर्वीपर्यंत मी दर हंगामाला पाच-सहाशे माद्यांना खाच पाडायचो. एवढ्या सगळ्या जातील कुठे? समितीची सुनावणी अठरा जूनला आहे.

बाबांना जाऊन एकोणचाळीस वर्षं झाली, पण त्यांचा डावा हात अजून या खाडीत काम करतो, असं इथले लोक म्हणतात. मी उजवा असून मुद्दाम डाव्या पात्यावर पाडतो. मेरिटलाही तसंच शिकवलंय. डावी खाच दिसली की इथलं कुणीही मादी विकत नाही, टूथेकरांची म्हणून सोडून देतं. ही इज्जत बाबांनी कमावली. तू त्यांची लाडकी होतीस. त्यांच्यासाठी तरी बघ.

तुझा भाऊ,
विन्स्लो

*

टर्नी कोव्ह
६ मे २०१८

विन्स्लो,

बाबांच्या डाव्या हाताचं पुराण वाचून पोट दुखेपर्यंत हसले. आता ऐक. कुणाला सांगितलं नव्हतं, पण तू असा गळ्यातच पडलायस तर सांगून टाकते.

ती खाच बाबांची नव्हेच. बाबा सुकाणूवर असायचे, शेवंडं माझ्या हातात यायची. गाभोळी बघायला मादी उलटी करावी लागते. मी नऊ वर्षांची, घाई व्हायची, ती पुन्हा सरळ न करता पोटाकडूनच कात्री चालवायची. माझ्या उजव्या हाताचं पातं म्हणजे तिचं डावं. तीन हंगाम कुणाच्या लक्षातही आलं नाही. एक दिवस धक्क्यावर कुणीतरी बाबांना विचारलं, असा हा डावीकडे का बुवा. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता कानाखाली बसणार. तर म्हणाले, ‘मी डावखुरा आहे ना, ही माझी खूण.’ झालं. माझी चूक त्यांची खूण झाली आणि मग तुझी इज्जत झाली. आणि तू, चांगला उजवा माणूस, साठी उलटली तरी बहिणीची चूक गिरवत बसलास.

त्यातली गंमत अजून तुझ्या ध्यानात आली नसेल. कायदा फक्त उजवं पातं ओळखतो. उजव्या खाचेची मादी विकली तर परवाना जातो. डावी खाच म्हणजे कायद्याच्या लेखी काहीच नाही, खडकावर घासलेलं पातं. तुमच्या खाडीत सगळे तिला मान द्यायचे म्हणून चाललं. तुमच्या खाडीबाहेर तुमचा मान कोण विचारतो? गाभोळी गळून गेली की डाव्या खाचेची मादी कुणीही उचलावी, क्रेटमध्ये टाकावी. मत्स्यखात्याचा वॉर्डनसुद्धा हटकणार नाही.

मी बघितलेली नाहीत, हे पुन्हा सांगते.

लोविना

*

हॅडलॉक पॉइंट
२९ मे २०१८

लोव्ही,

दोन आठवडे पत्र लिहायला घेतलं आणि फाडलं. तुझं पत्र वाचून मी कोठारात जाऊन बसलो. ती कात्री अजून तिथे खिळ्याला आहे. मी मेरिटला काही बोललो नाही. पण त्यालाही गप्प बसवत नव्हतं, तो आमच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याच्या ट्रकवर तुमच्याकडे माल उचलायला गेला.

एकवीस मेला. टर्नी कोव्हच्या धक्क्यावर. तू त्याला ओळखलं नाहीस, तो लहान असताना बघितला होतास. त्याने तुझ्या हातून क्रेट घेतले. तुझ्या चिठ्ठीच्या एका क्रेटमध्ये अकरा माद्या होत्या, अकराच्या अकरा डाव्या खाचेच्या. दोन त्याने स्वतः पाडलेल्या. त्याची कात्री एका बाजूला बोथट आहे, खाच तिरपी येते. ट्रक चालवत तो घरी आला आणि माझ्यासमोर बसून रडला. छत्तीस वर्षांचा बाप्या.

मी तुला शिव्या देत नाही. विकलीस तर विकलीस, कायद्याने तुझ्या आहेत. चूक तुझी होती की बाबांची, हेही मला काढायचं नाही. मला फक्त एक कागद हवा. ‘मी बघितली’ एवढे दोन शब्द. तू म्हणशील ते कबूल. होडी हवी तर होडी घे. मेरिटला तुझ्या खाडीच्या अगदी कडेला, वाईटातल्या वाईट तळावर शंभर सापळे टाकू दे, तो कुणाच्या अध्यात येणार नाही. पाया पडतो म्हण.

विन्स्लो

*

टर्नी कोव्ह
५ जून २०१८

विन्स्लो,

ट्रकवरचा तो गप्प मुलगा मेरिट होता तर. मान अगदी बाबांसारखी आहे. मी त्याला कॉफी विचारली, तो नको म्हणाला.

हो, बघितली. सहा वर्षं बघतेय. पहिली आली ती दोन हजार बाराच्या ऑक्टोबरात. डावी खाच बघितली. मांडीवर घेतली तिला. एवढी दोनशे मैल चालून आली आणि बरोबर माझ्या सापळ्यात शिरली. तिला सोडून दिली. त्या हंगामात आणखी तीस सोडल्या. पण आमचा डेल्बर्ट, या खाडीत ज्याचा शब्द चालतो तो, त्या विकायचा. बाकीचे विकायचे. मग मीही विकू लागले. आता बघतही नाही.

लिहून देणार नाही. का ते तुला माहीत आहे, पण तू विसरल्याचं सोंग करतोस म्हणून आठवण करून देते. ब्याऐंशीच्या नोव्हेंबरात हार्लन बुडाला. मी तेहतीसची, पदरात काही नाही, नवऱ्याची होडी तेवढी शाबूत. त्र्याऐंशी उजाडताच मी तुला लिहिलं की होडी घेऊन परत येते, बाबांच्या खाडीत कडेला शंभर सापळे टाकू दे. अगदी हेच शब्द, कडेला शंभर सापळे. तू उत्तर पाठवलंस, ‘इथे आणखी एका होडीला जागा नाही.’ खाली सहीसुद्धा नव्हती.

मग मी इथेच राहिले. इथल्या लोकांना बाहेरची बाई नको होती. पहिल्या वर्षी माझ्या सापळ्यांवर तरंगणाऱ्या बोयांच्या दांड्यांना दोरीच्या दोन-दोन गाठी. तुला कळतं त्याचा अर्थ काय ते, मुकाट्याने निघून जा. मी गेले नाही. दुसऱ्या वर्षी दोर कापले, सगळे सापळे तळाला. पुन्हा केले, पुन्हा कापले. नऊ वर्षं. दहाव्या वर्षी डेल्बर्टच्या बापाने धक्क्यावर मला आमिषाची बादली पुढे केली, तेव्हा मी इथली झाले. आता बाहेरचा कुणी आला तर गाठी मी मारते. माझ्या गाठी घट्ट असतात.

आमचंही पाणी तापतंय, माझ्याकडे रोजची नोंद आहे. दहा वर्षं मिळतील, मग ही शेवंडं कॅनडात जातील. ती दहा वर्षं इथल्या तीस घरांची आहेत. त्यात तुमच्या होड्या मी आणू? मेरिट आला तर पहिल्या दिवशी गाठी, तिसऱ्या दिवशी चाकू. तुझ्या लेकरासाठी आधीच लिहून कळवतेय, ही माझी माया समज.

आणि होडी देतोस म्हणे. चाळीस वर्षं उशीर केलास.

लोविना

*

हॅडलॉक पॉइंट
२० जून २०१८

लोविना,

सुनावणी झाली. दोनशे माणसं होती. तुमच्या खाडीतले चौघे पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. त्यांतला लाल दाढीवाला डेल्बर्ट, असं मला नंतर कळलं.

समितीच्या बाईने विचारलं, टूथेकर, पुरावा आणलात का. मी उभा राहिलो आणि तुझं पत्र वाचून दाखवलं. पाच जूनचं. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, एक ओळ गाळली नाही. ‘हो, बघितली. सहा वर्षं बघतेय.’ खाली तुझी सही. तू लिहून देणार नाही म्हणालीस, पण लिहून तर दिलं होतंस की.

गाठींची आणि चाकूची ओळही वाचली. ‘मग मीही विकू लागले’ वाचलं तेव्हा डेल्बर्टने खाली बघितलं. पाण्याच्या नोंदीचं वाचलं तेव्हा एका शास्त्रज्ञाने ती वही मागवून घ्या म्हणून टिपून ठेवलं. तुझ्याकडे माणूस येईल. त्र्याऐंशीचंही वाचलं. माझ्याबद्दल लोकांनी काय समजायचं ते समजोत. मेरिट दाराशी उभा होता, त्याने मान फिरवली. त्याला ते आजवर माहीत नव्हतं.

समितीने दहा परवाने हलवायला मंजुरी दिली. पहिला मेरिटला, कारण पुरावा आमचा. इथला परवाना मात्र कायमचा सोडावा लागतो, परत यायची वाट नाही. त्याने सोडला. माझ्याशी तो जेवढ्यास तेवढं बोलतो, पण जाणार आहे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ‘लोविना टी.’ घेऊन निघेल.

तुझ्या खाडीतले तुझं काय करतील ते मला ठाऊक आहे. मी ते समजूनउमजून वाचलं. त्र्याऐंशीला मी सही केली नव्हती. या वेळी करतो.

विन्स्लो टूथेकर

*

टर्नी कोव्ह
१६ सप्टेंबर २०१८

विन्स्लो,

तुझी सही छान आहे. बाबांसारखी.

काय झालं ते क्रमाने सांगते. तुझं पत्र पोचायच्या आदल्या सकाळी माझ्या सगळ्या बोयांना गाठी होत्या. एकोणसत्तराव्या वर्षी. दोनच दिवसांत तीनशे सापळे तळाला गेले. दुकानात मला आमिष देईनात. ज्याच्या पोरांना मी हाताला धरून सापळा विणायला शिकवलं, तो डेल्बर्ट माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. तुला हेच हवं होतं, ते तुला मिळालं.

आठ जुलैला मेरिट आला. ‘लोविना टी.’ खडकाला वळसा घालून आत येताना मी धक्क्यावर एकटीच होते. त्याने दोर माझ्याकडे टाकला आणि म्हणाला, ‘आत्या, तुझ्याशी त्र्याऐंशीला वाईट वागले. मला माहीत नव्हतं.’ असं मला पस्तीस वर्षांत कुणी म्हणालं नव्हतं. मी त्याला घरी नेलं. शनिवारी बीन्स, रविवारी माशांचं चाउडर. गुणी मुलगा आहे. ताट स्वतः धुतो. माझ्या खिडकीची झडप आपणहून दुरुस्त केली, म्हणजे सुतारकामही येतं त्याला.

त्याला इथल्या तळाची काही माहिती नव्हती. मला विचारलं, आत्या, सापळे कुठे टाकू. मी कागदावर नकाशा काढून दिला. उत्तरेच्या खडकाची आतली बाजू, खाडीतला सगळ्यात चांगला तळ. डेल्बर्टच्या आजोबांपासून तो त्यांच्या घराचा, तिथे मीसुद्धा कधी सापळा टाकलेला नाही. मेरिटने चारशे टाकले. तिसऱ्या दिवशी गाठी दिसल्या तेव्हा विचारत आला. मी म्हटलं, ‘मला नऊ वर्षं गाठी मारत होते, तू हलू नकोस.’ तो माझ्यावर विश्वास ठेवून हलला नाही.

मग डेल्बर्ट माझ्या दाराशी आला. एवढंच विचारलं, भाचा तुझ्या सांगण्यावरून तिथे गेलाय का. मी म्हटलं, नाही, मी त्याला बजावलं होतं. तो वळून निघून गेला. दुसऱ्या दिवशी मेरिटचे चारशेच्या चारशे कापले, आणि माझ्या उरलेल्या बोयांच्या गाठी कुणीतरी सोडवून ठेवल्या होत्या. आमिषही मिळू लागलं.

त्याला पुन्हा सापळे टाकू देणार नाहीत. तुझ्याकडचा परवाना त्याने सोडलाय, म्हणजे तिकडेही वाट नाही. तू त्याची काळजी करू नकोस, मी त्याला कामाला ठेवलंय. माझ्या होडीवर तो मागे उभा असतो, बाबांच्या मागे मी उभी असायचे तसा. सापळा वर आला की शेपटी तो बघतो. खाच उजव्या पात्यावर पाडायची हे मी त्याला शिकवलं. डाव्या खाचेची आली की हातात धरून माझ्याकडे बघतो. मी क्रेटकडे बोट दाखवते. तो टाकतो.

‘लोविना टी.’ माझ्याच नांगरावर उभी आहे. सकाळी कॉफी पिताना खिडकीतून नाव वाचता येतं.

नकाशाचं त्याला अजून कळलेलं नाही. त्याला वाटतं खाडीतले सगळे दुष्ट आहेत आणि एक आत्या तेवढी आपली. दर रविवारी दुपारी तो तुला दुकानातून फोन करतो, हल्ली बरा बोलतो म्हणे तुझ्याशी. हे पत्र पुढच्या रविवारच्या आत तुझ्या हाती पडेल. त्याला सांगितलंस तर त्याला जगात एकही माणूस उरणार नाही, आणि नाही सांगितलंस तर तो माझा.

वाचून दाखवायची तुला सवय आहेच. सही खाली केली आहे.

लोविना टूथेकर